ओडीलची किडनी

मी, लिओनी थिबोडो, वय त्रेसष्ट, बुटांच्या कारखान्यातील निवृत्त शिवणकामगार, राहणार लुइस्टन, मेन राज्य, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. किडन्या दोन्ही निकामी आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही, असे लिहायची पद्धत आहे. माझ्यावर आहे, पण ते या घरातल्या कोणाचे नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक धाकटी बहीण ओडील हिला. ती मला किडनी द्यायला तयार होती. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. मग प्रत्यारोपण समितीच्या बाईंनी विचारले, "आणखी काही औषधं घेता?" मी पर्समधून औषधी गांजाच्या परवान्याचे सरकारी कार्ड काढून, बाप्तिस्म्याचा दाखला ठेवावा तसे, अभिमानाने टेबलावर ठेवले. पायांची आग आणि ओकाऱ्या यांवर डॉक्टरांनीच तो सुचवला होता. डॉक्टर आणि पाद्री यांच्यापासून काही लपवू नये, हे शाळेत सिस्टर बेनेडिक्टने शिकवलेले.

बाईंचा चेहरा पडला. "कायद्याला चालतं, आमच्या नियमाला नाही. गांजाच्या धुरातून फुप्फुसात बुरशी जायचा धोका असतो."

"अहो, मी ओढत नाही! लोण्यात शिजवून खाते."

"नियमात लोण्याचं वेगळं काही नाही."

गाडीत ओडील माझ्यावर ओरडली, "संतपणा करायची काय गरज होती गं तुला?"

मी गांजा सोडूनही पाहिला. पोटात अन्न ठरेना. वजन इतके उतरले की समितीने कळवले, आता शस्त्रक्रिया झेपणार नाही. घेतला तर नियम आडवा, सोडला तर वजन. ओडील रोज माझ्यासमोर जेवायला बसते. "बघ, तुझी किडनी इथे फुकटचं गिळतेय," म्हणते, हसते, आणि तोंड फिरवून भांडी घासायला उठते.

२. आईचा धिरड्यांचा बिडाचा तवा शेजारी क्लोव्हिस सीर यांना. माझ्यासाठी गांजाची झाडे त्यांनीच वाढवली, मागच्या वाफ्यात. फादरनी कुंपणावरून विचारले तेव्हा म्हणाले, "टोमॅटो आहेत, फादर. यंदा धरले नाहीत."

३. समितीला काही नाही. इथे एक शाप लिहिला होता. ओडीलने खोडायला लावला.

४. डायलिसिसच्या वेळी नर्स सिमोन बोलून गेली, "मेल्यावर अवयव देणाऱ्यानं गांजा घेतला असला तरी चालतं हो. तुमचं यकृत घेतील, डोळे घेतील."

"म्हणजे माझं चालतं, मला चालत नाही?"

तिने नुसती माझी चादर नीट केली.

तर यकृत, डोळे, जे कामाचे असेल ते घ्यावे. ते कोणाला द्यावे याची अट मला घालता येत नाही, म्हणून घालत नाही.

५. ओडील, उद्या नियम बदलला तर हा कागद चुलीत घाल आणि मला घेऊन पळ. नाही बदलला, तर किडनी माझ्यासाठी म्हणून राखून ठेवू नकोस. "तुझी नाही तर कोणाचीच नाही," असे तू म्हणतेस. ऐक माझे. एखाद्याला दे. मग त्याला एकदा घरी जेवायला बोलाव आणि माझ्या खुर्चीवर बसव. तो आणखी काय काय औषधे घेतो, ते मात्र विचारू नकोस.

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले:
सिमोन वाशोन, परिचारिका
नॉर्मन्ड आर्सेनो, चर्चचे घंटावाले

सही: लिओनी थिबोडो
लुइस्टन, ११ नोव्हेंबर २०१४