हेलेबोरचा रंग

१२ नोव्हेंबर, सकाळ
थंडी आहे. चहा घेऊन मागच्या भिंतीच्या सावलीतला वाफा मोजला. सहा फूट बाय चार. हा हिचा वाफा. ही ऑगस्टमध्ये गेली, तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. मधोमध हेलेबोर आहे, थंड देशातलं फुलझाड. उन्हाशिवाय वाढतं आणि ऐन थंडीत फुलतं. हिने चार वर्षांपूर्वी बी पेरलं होतं. रंग कोणता, ते पहिलं फूल आल्याशिवाय कळत नाही. ही म्हणायची जांभळा, मी म्हणायचो पांढरा. पैज होती. यंदा निकाल.

१५ नोव्हेंबर
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, माळी लावा, तुमच्या हातून प्लास्टिकचं झाडसुद्धा सुकेल. म्हटलं, चौतीस वर्षं सांडपाण्याच्या लाइनींचे नकाशे काढलेत, एवढासा वाफा जड नाही. मग म्हणाली, थोडे दिवस इकडे या. कामात आहे असं सांगितलं. मला एकटं वाटतं असा तिचा समज झालाय. तसं काही नाही.

१६ नोव्हेंबर
ग्राफ पेपरवर वाफ्याचा आराखडा काढला. आता काळजी नाही.

२ डिसेंबर
नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, काका, हेलेबोरची जुनी पानं आत्ताच छाटा, म्हणजे फुलं उठून दिसतील. काय ठेवायचं तेही सांगायला लागला. म्हटलं, समजलं. काकू नाही आल्या का, असं त्याने विचारलं. घरी आहेत म्हणालो. दुकानात विषय कशाला.

३ डिसेंबर
छाटणी केली. पानं चामड्यासारखी. सगळे देठ जमिनीलगत कापले. मध्ये काही जाड, बुटके कोंब माना खाली घालून उभे होते. रेषेत बसत नव्हते, तेही काढले. वाफा आता हुबेहूब आराखड्यासारखा. हिने कौतुकच केलं असतं.

१९ डिसेंबर
रोज साडेसातला स्टूल टाकून बसतो. वर काही नाही. मुळं जोर धरत असणार. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येतं. चष्म्याचा नंबर तपासून घेणे.

८ जानेवारी
लेकीला सांगितलं, फूल याच आठवड्यात. तिने विचारलं, कळी दिसते का? म्हटलं, यायच्या बेतात आहे. रविवारी बघायला येते म्हणाली. आईने हॉस्पिटलमध्ये तिलाही विचारलं होतं म्हणे, कोणता रंग येईल सांग. मला हे माहीत नव्हतं.

१० जानेवारी
रविवारच्या आत फूल यावं म्हणून खत आणायला नर्सरीत गेलो. छाटणी कशी केली ते सांगितलं. नर्सरीवाल्याने खताची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, काका, ते बुटके कोंब म्हणजेच कळ्या हो. काकूंना सगळं ठाऊक आहे, फोन लावून द्या, मी बोलतो त्यांच्याशी. मी म्हटलं, ती गेली. ऑगस्टमध्ये. आतापर्यंत सगळ्यांना लेकीनेच कळवलं होतं. मी हे पहिल्यांदाच बोललो.
खत घेतलं नाही.
घरी येऊन पालापाचोळ्याचा ढीग उपसला. बऱ्याच वेळाने एक कळी सापडली, मऊ पडलेली. ब्लेडने उभी चिरली. आत फिकट हिरवं. रंग अजून भरलाच नव्हता.
लेकीला फोन केला. सांगितलं, फूल नाही, मी कापलं.  ती म्हणाली, तरी येते मी, बाबा.
नखांत माती गेली होती. हात धुऊन खिडकीशी बसलो. डाव्या हाताची नखं कापून झाली. उजव्याची ही कापून द्यायची. मग नेलकटर डाव्या हातात घेऊन उजव्याची कापली. वेळ लागला.