तीन राजे टाकले तो डाव

नुएसेस काउंटी, टेक्सास
१७ नोव्हेंबर

प्रिय मार्लीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी आईला फोन लावशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तूही तिकडे अमारिलोत बरी असशील. अजून दुरुस्तीला पवनचक्क्यांवर चढतेस असं आई म्हणाली. जपून चढ.

इकडचं म्हणशील तर यंदा कापूस बरा झाला. कापसाच्या जिनमध्ये माझ्या जागी आलेला मॅनेजर सगळा कारभार फोनवर करतो आणि गाठी माझ्या वेळेपेक्षा जास्त बांधतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही. आमचे पत्ते वाटणारा लीलंड मार्चमध्ये वारला, ते आईनं कळवलं असेलच. अग्निशमन दलाच्या हॉलमधला शनिवारचा पोकरचा डाव चालू आहे. आता पत्ते वेल्डन वाटतो. तुझ्या आईनं परवा खसखशीचे गोड पाव, कोलाचे, केले. शेजारी दिले, चर्चमध्ये दिले, मला एकही नाही. कारण पुढे येईलच.

डावाला एक नवीन बाई येते. इर्मा कांटू नाव, नवऱ्याबरोबर टायरचं दुकान चालवते. खेळते धीटपणे, पण मधली तीन पानं उघडली, फ्लॉप पडला, की गडबडते. वेल्डननं तिला माझ्या गळ्यात मारलं. "एर्विन, हिला शिकव बाबा. फ्लॉपनंतर चाल कधी करायची हे तुझ्याइतकं इथं कुणाला कळतंय?" मग जे तुला शिकवलं तेच तिला शिकवलं.

तू अकरा वर्षांची होतीस. जिनच्या ऑफिसातलं काउंटर, आणि चकत्यांच्या जागी सरकी. मी सांगायचो, हातातली दोन पानं बघून ज्यानं आधी चाल वाढवली, त्याच्याकडेच फ्लॉपनंतर सगळे बघतात. मग त्यानं बोलावं, म्हणजे चाल करावी. समोर एकटाच गडी असेल तर काही जुळलेलं नसलं तरी बोलावं, कारण तीनात दोनदा त्याचंही जुळलेलं नसतं. समोर चारजण असतील तर मात्र चाल न करता मुकाट्यानं बोटानं टेबल वाजवावं. चौघांत एकाचं तरी जुळतंच. आणि मध्ये एका रंगाची दोन पानं पडली असतील, तुझा हात भारी असेल, तर लगेच चाल कर. त्या रंगाची पाच पानं जमवून तुझा हात मारायला टपलेल्याला पुढचं पान फुकट दाखवू नकोस. तू विचारलं होतंस, "आणि भारी हात असून गप्प बसलं तर?" मी म्हणालो होतो, "तो हावरटपणा. हावरटाला पुढचं पान धडा शिकवतं."

इर्मानं सगळं वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात वेल्डननं नेहमीचा किस्सा काढला. तुला तो तोंडपाठ असेल, तरी लिहितो. तो इथं कसा सांगतात हे तुला कळायला हवं.

आठ वर्षांपूर्वीचा थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, दुपारचे तीन. बावीसजण बसले होते, शेवटी बापलेकच उरले. बक्षीस म्हणजे पट्ट्याचं चांदीचं बक्कल. भिंतीवर लीलंडनं रंगवलेली पाटी: 'टेबलावर कुणी कुणाचं नाही.' घरची माणसं समोरासमोर आली तर टाकलेली पानंसुद्धा उघडायची, आणि कुणी कुणाला डाव सोडलाय असं दिसलं तर बक्कल तिसऱ्याला. एर्विननं चाल वाढवली, पोरीनं भरली. मध्ये पडला बदाम राजा, बदाम अठ्ठी आणि किलवर तिर्री. पोरीनं टेबल वाजवलं. आणि एर्विननंही वाजवलं! इथं वेल्डन थांबतो आणि सगळ्यांकडे बघतो. चौथं पान बदाम छक्की. पोरीची चाल, एर्विननं भरली. पाचवा किलवर गुलाम. पोरीनं सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या आणि एर्विननं पानं टाकली. लीलंडनं उघडून बघितलं तर दोन राजे. मधला धरून तीन. आणि पोरीच्या हातात? राणी आणि नव्वा, बदाम एकही नाही. म्हणजे काहीच नाही.

"तीन राजे टाकले?" लीलंड ओरडला होता. "ह्या कचऱ्यापुढे?"

"आणि फ्लॉपनंतर गप्प बसला!" वेल्डन म्हणाला होता. "आधी चाल वाढवून हा माणूस कधी गप्प बसलाय का? अरे, बापाचं काळीज आहे ते!"

लीलंडनं मला विचारलं, "सरळ सांग, पोरीला डाव सोडलास?"

मी हसलो आणि म्हणालो, "बाप आहे रे शेवटी."

बक्कल तिसऱ्या आलेल्या वेल्डनला मिळालं. हॉलभर हशा. कुणी तरी माझी पाठ थोपटली. तू कोट उचललास आणि ट्रकमध्ये जाऊन बसलीस.

ट्रकमधलं वेल्डनला माहीत नाही. तू विचारलंस, "बाबा, सोडलास की हरलास?" मी म्हणालो, "बापाला असं विचारतात का?" त्यानंतर तू पत्त्यांना हात लावला नाहीस, आणि नाताळनंतर या घरातही आली नाहीस.

तर किस्सा संपला, सगळे हसले, वेल्डनच्या बायकोनं माझ्या ताटलीत पेकन पाईचा मोठा तुकडा घातला. गेली आठ वर्षं या किश्श्यावर मला पाई मिळते. इर्मा मात्र हसली नाही.

"मग मुलगी काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"काय म्हणणार? तापट पोरगी. गेली निघून."

"डाव तिचा, बक्कल तिचं गेलं, आणि तिलाच कुणी विचारलं नाही?"

वेल्डननं पत्ते पिसायला घेतले. मला उत्तर सुचलं होतं, पण मी पाई खात होतो.

आता लिहितो. मार्ली, मी तुला डाव सोडला नव्हता. फ्लॉपमध्ये तिसरा राजा दिसला आणि मला हाव सुटली. वाटलं, आत्ता चाल केली तर ही पळेल. गप्प बसलो तर ही अंगावर येईल, मग हिच्या सगळ्या चकत्या एकदम ओढू. तुझ्यावर दयामाया वगैरे काही नव्हती. मी स्वतःच्या लेकीसाठी सापळा लावत होतो, आणि तोही मीच तुला सांगितलेला नियम मोडून. मग तिसरा बदाम पडला, म्हणजे तुझ्या हातात दोन बदाम असतील तर माझे तीन राजे मेले. तू चाल केलीस, मी कशीबशी भरली. शेवटी तू सगळं पुढे ढकललंस आणि निवांत सोडा पीत बसलीस. मला तुझ्या हातात बदामांशिवाय दुसरं काही दिसेचना. मी घाबरलो. घाबरून तीन राजे टाकले. फ्लॉपवर मी चाल केली असती तर तुझ्या त्या राणी-नव्व्याला पानं टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी गप्प बसलो, तू ती फट बघितलीस आणि आत शिरलीस. इतकं सुंदर मला कुणीच हरवलेलं नाही.

लीलंडनं विचारलं तेव्हा दोनच उत्तरं होती: भित्रा म्हातारा किंवा प्रेमळ बाप. दुसरं फुकट मिळत होतं. ते मी तुझ्या जिवावर घेतलं. तू ट्रकमध्ये विचारत होतीस कारण तुला खरंच माहीत नव्हतं, आणि मी तुला माहीत होऊ दिलं नाही. याची मला लाज वाटते. रोज वाटते.

मागच्या शनिवारी पत्ते वाटायच्या आधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आधी कुणी विश्वासच ठेवेना. "उगाच मोठेपणा घेतोय," वेल्डन म्हणाला, "अजून पोरीचीच बाजू सावरतोय." तेव्हा मी फ्लॉपपासून एकेक पान मांडलं, कुठं काय वाटलं ते सांगितलं, घाबरलो तेसुद्धा. मग हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला आता 'तीन राजे' म्हणून हाक मारतात. चालतंय.

इर्मा म्हणाली, "आणि बक्कल?"

वेल्डननं पोटाकडे बघितलं. "आठ वर्षं घालतोय गं." पण काढलं बिचाऱ्यानं, तिथंच, आणि उरलेली दुपार एका हातानं पॅन्ट धरून पत्ते वाटले. विजेत्यांच्या पाटीवरचं त्याचं नाव खरवडून तुझं मी रंगवलं. पहिलं अक्षर तिरकं आलंय.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती ओटा पुसत होती. म्हणाली, "आठ वर्षं मी पोरीला समजावत होते, बाबावर रागावू नकोस, त्यानं प्रेमानं केलं. तू मला माझ्या लेकीशी खोटं बोलायला लावलंस." तेव्हापासून माझे कोलाचे बंद आहेत. तिचं बरोबर आहे.

बक्कल सोबतच्या डब्यात आहे. उजव्या कडेला वेल्डनच्या ट्रकच्या दाराचे ओरखडे आहेत, त्याला माझा इलाज नाही. वापर, नाहीतर पवनचक्कीवरून फेकून दे, तुझंच आहे. उत्तर लिहायलाच हवं असं नाही. तू एकच प्रश्न विचारला होतास, त्याच्या उत्तराला मी आठ वर्षं लावली.

तुझ्याकडून हरलेला,
बाबा