पेशी उगाच चमकल्या त्याबद्दल

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पण मनापासून). कंबर कशी आहे? दवाखान्यात औषधं घोटताना अजून उभीच राहतेस की स्टूल घेतलंस? माझे हात बरे आहेत. फारच बरे आहेत, आणि तिथेच घोळ झाला.

तू नेहमी विचारतेस, "अगं, त्या प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय?" आणि मी "पेशी" एवढंच म्हणून फोन बाबांकडे देते. आज नीट सांगते. पेशीला जस्त लागतं, पण ते आत मोकाट फिरलेलं चालत नाही (आपल्याकडे पाहुण्यांची पोरं, तसंच). म्हणून पेशीच्या आत बारक्या बारक्या खोल्या असतात आणि त्यांच्या भिंतींत दारवान. काही दारवान जस्ताला खोलीत ढकलतात, काही गरज पडली की बाहेर काढतात. मी उंदराच्या पेशींतला (आपल्याही साधारण तशाच) आत ढकलणारा एक दारवान काढून टाकला. जस्त असेल तिथे हिरवं चमकेल असा रंग घातला. दारवान नाही म्हटल्यावर खोल्या अंधाऱ्या व्हायला हव्या होत्या. माझ्या मात्र चार महिने लखलखत होत्या. सरांना वाटलं, कुणालाच ठाऊक नसलेलं दार मला सापडलं. सोमवारी ते माझे फोटो समितीपुढे ठेवणार होते, आणि त्यावरच माझी पुढच्या वर्षाची जागा ठरणार होती. मी तर त्या दाराला नावही देऊन बसले होते.

आणि गुरुवारी तुझा फोन. मी शोधाचं सांगतेय आणि तू आपली, "ते राहू दे गं. मलम लावतेस ना? झिंक ऑक्साइड मुद्दाम जास्त घातलंय, भेगा लवकर भरतात."

आत्या, झिंक म्हणजेच जस्त. हातमोज्यांनी हात फुटतात म्हणून तुझं मलम मी दिवसातून चारदा चोपडायचे आणि त्याच हातांनी मोजे ओढून चढवायचे. मलम मोज्यांना, मोजे पेशी वाढवायच्या बशीला. एवढं आयतं जस्त आल्यावर उरलेल्या दारवानांनी खोल्या भरल्या, त्यांचा काय दोष? शेजारच्या टेबलावरच्याला (आम्ही त्याला शंकासूर म्हणतो, तो घड्याळावरही विश्वास ठेवत नाही) तोच प्रयोग बिनमलमाच्या हातांनी करायला लावला. शुक्रवारी त्याच्या बशीत काळोख. मी तडक सरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ माझे हात पाहिले आणि म्हणाले, "त्वचा मात्र छान झालीय." मग फोटो मागे घेतले आणि समितीकडून मला सहा महिने मागून आणले, सगळं पहिल्यापासून करायला.

तू हाताची चौकशी केली नसतीस, तर नसलेलं दार माझ्या नावावर लागलं असतं. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

तुझी,
गुळगुळीत हातांची भाची

ता. क. : मलमात काय काय आणि किती आहे, ते दवाखान्याच्या कागदावर शिक्का मारून पाठव. सरांना हवंय.

ता. क. २ : "तडक" हे खरं नाही. शुक्रवारी काळोख पाहिला, आणि सरांकडे गेले रविवारी संध्याकाळी. मधला अख्खा शनिवार समितीसाठी सगळ्यात चमकदार फोटो निवडत होते. सरांना सांगितलंय की रविवारीच कळलं. तेव्हा मला मलमाचं कधी सांगितलंस, तेही त्या कागदावर लिही, वारासकट. तुझं पत्र पोचायच्या आत मी स्वतःच सांगेन असं ठरवलंय, पण तू मला लहानपणापासून ओळखतेस. पत्र रजिस्टरने पाठव, आणि वर नाव सरांचं घाल.