अनुपमाताईंची साखरेची वाटी

घाटकोपर, रविवार

प्रिय आई,
तुझ्या लेकीचा जयभीम. छोट्या प्रबुद्धचा खोकला थांबलाय. तू डोळ्यांत थेंब घालतेस ना?

विहारातल्या इंग्रजीच्या वर्गात आम्ही सगळ्याजणी बॉरो आणि लेंडमध्ये घोळ घालतो. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. आपल्याकडे दोन्ही उसनंच गं! म्हणून बाईंनी नियमच केलाय, शेजारणीकडे काही मागायचं तर इंग्रजीतून. शब्द चुकला की वाटी रिकामी परत. अख्खी बिल्डिंग हसतेय.

तुला कळवलं नव्हतं, पण समोरच्या अनुपमाताई दिवाळीपासून माझ्याशी बोलत नव्हत्या. चपलांच्या रॅकवरून वाजलं होतं आमचं. वर्गातही लांब बसायच्या.

काल बेल वाजली. दारात ताई, हातात वाटी. खाली बघत म्हणाल्या, "मे आय बॉरो साखर?"

मी एवढी हसले की अर्धी साखर सांडली. मग त्यांनाही हसू आवरेना.

आज त्यांनी चहाला बोलावलं. ओट्यावर साखरेचा मोठा डबा शिगोशीग भरलेला, आणि शेजारी मी काल भरून दिलेली वाटी, हात न लावलेली. दोघींनीही ते पाहिलं.

चहात मात्र त्यांनी वाटीतलीच साखर घातली.

तुझीच,
चेतना