घारीवरचं तूप

माय,

काल चांदणी पडवा होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरत रस्त्यावर बसून घारी खातं, हे तुला सांगायला नको. माझ्या मुलीने माव्याने भरलेली अख्खी घारी उचलली, वर थिजलेल्या पांढऱ्या तुपाचा जाड थर, आणि ओठांवर तुपाची मिशी आणत संपवली. एकदाही मान वर केली नाही. मला तिचा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा!

पांडेसऱ्याच्या आपल्या खोलीत घारी वर्षातून एकदाच यायची. बाबा डाइंग मिलमधून येतात, हात कोपरापर्यंत निळे, हातात सेठने दिलेला खोका. तू पाटावर बसून चमच्याने प्रत्येक घारीवरचं तूप खरवडतेस, वाटीत भरतेस. ते उद्यापासून भाऊच्या खिचडीवर. बोडकी घारी माझ्या पुढ्यात. एका वर्षी मी तुझ्याआधी खोका उघडून तुपासकट एक खाल्ली. तू पाठीत धपाटा घातलास. "इतलं तूप एकलीच खाशी का? भाऊले काय ठेवशी?" शेजारच्या गुजराती काकी दारातून म्हणाल्या, "खावा दे ने बेन, छोकरी छे." तू त्यांच्याकडे बघून हसलीस, आणि त्या वळल्यावर दुसरा घातलास. घास तोंडातच होता. तेव्हापासून गोड खाताना माझे कान दाराकडे असतात. लग्न झालं, स्वतःचं घर झालं, तरी तेच.

पुढे तू अंथरूण धरलंस. तुपावर वाढलेला तुझा लेक कामरेजला वेगळा राहायला गेला होता, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. तुझं सगळं करायला मीच. चांदणी पडव्याला तू घारी मागितलीस, मी आणली. तू ताटलीतली घारी उलटून पाहिलीस.

"तूप कोठे शे?"

"डॉक्टरांनी बंद केलंय."

कोरडे तुकडे पाण्याबरोबर गिळलेस. पुढचा पडवा तू पाहिला नाहीस.

हे पत्र तुला पोचणार असतं तर इथेच थांबले असते. डॉक्टर तसं काही बोलले नव्हते, माय. मागतील ते द्या, म्हणाले होते. तूप मीच खरवडलं, तुझ्याच चमच्याने, आणि ओट्याशी उभ्याने खाल्लं. फार गोड लागलं. त्या दिवशी माझे कान दाराकडे नव्हते.