पाटी अजून काढलेली नाही

७ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आईच्या नावाने पाठवलेलं तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि मीच फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे तूच मला कान पिळून शिकवलं होतंस, तेव्हा आधी त्याबद्दल माफ कर. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ओळ संपत आली की शब्द अजूनही दाटीवाटीने कोंबतेस.

मी ठीक आहे. नोकरी तीच, लोकांच्या वेबसाइटी सांभाळायची. केस बरेच मागे हटलेत, त्यामुळे कपाळ एकदम हुशार माणसाचं दिसतं. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा बदलला. पुढच्या खोलीत लोकरीच्या पिशव्या आहेत तशाच आहेत.

तू आईला दोन प्रश्न विचारलेत. साइट महिनाभर बंद का दिसते, आणि तब्येत बरी आहे ना. पहिल्याचं उत्तर मला नीट येतं, म्हणून आधी तेच देतो.

तिची साइट मीच काढून दिली होती हे तुला माहीत आहे. विणकामाचे नमुने, आणि प्रत्येक नमुन्याखाली 'घरच्या दोन ओळी'. त्या ओळी ती कोणासाठी लिहायची, हे आम्ही दोघं कधी बोललो नाही. साइटचं सॉफ्टवेअर जुनं झालं की ते अपडेट करावं लागतं. आई म्हणायची, "ही वेबसाइट आहे की माझी सासू? हिला सारखं काहीतरी हवंच असतं." अपडेट चालू असताना कोणी आत आलं, तर त्याला पानं अर्धवट, मोडकी दिसतात. म्हणून आधी सगळ्याची प्रत काढून ठेवायची आणि मग साइट मेंटेनन्स मोडवर टाकायची. म्हणजे दारावर पाटी लावायची: 'दुरुस्तीचं काम चालू आहे. थोड्याच वेळात भेटू.' काम झालं, तपासलं, की पाटी काढायची.

यात एक गंमत असते. पाटी फक्त बाहेरच्यांना दिसते. जो मालक म्हणून आत शिरलेला असतो, त्याला साइट नेहमीसारखी उघडी दिसते, कारण त्याला काम करायचं असतं. म्हणून शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून बघायचं, आपल्या नाही. ऑफिसात नव्या येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवतो. वर दमही देतो.

चार ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी, मी पाटी लावली. अपडेट व्यवस्थित झालं. तपासत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. तशीच तिला हॉस्पिटलात नेली. पाटी राहिली.

आता दुसरा प्रश्न. ताई, आई गेली. वीस ऑक्टोबरला, सकाळी सातच्या सुमारास. ऑपरेशन बरं झालं होतं, पण नंतर छातीत कफ भरला आणि तो काही हटला नाही. मी जवळ होतो. त्रास झाला नाही असं लिहिणार होतो, पण झाला.

मघापासून तीन वेळा उठून आलो. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी मध्येच रडलो असतो, आणि मग तुलाच माझी समजूत घालावी लागली असती. तेवढा माझा हक्क नाही. का नाही, ते पुढे वाच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मला लॅपटॉप आणायला लावला. "टाचेचा नमुना राहिलाय, लिहून घे," म्हणाली. मोज्याची टाच कशी वळवायची, ते सगळं तिने पडल्या पडल्या सांगितलं, टाक्यांच्या आकड्यांसकट. मग म्हणाली, "आता घरच्या दोन ओळी." त्या जशाच्या तशा उतरवतो:

'मी हॉस्पिटलात आहे. स्टेशनसमोरचं मोठं, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. भेटायची वेळ चार ते सहा. मी रागावलेली नाही.'

मी लगेच ते साइटवर टाकलं, तिला दाखवलं. छान दिसत होतं. आम्हाला दिसत होतं.

त्यानंतर ती रोज विचारायची, "काही आलं का?" मी लॅपटॉप उघडून बघायचो. काही आलेलं नसायचं. मी मनात तुझ्यावर चरफडायचो. नवऱ्याचं घर सोडून तू आलीस त्या दिवशी आईने तुला दारातूनच परत पाठवलं, हे खरं. मी आत चहा पीत बसलो होतो आणि उठलो नाही, हेही खरं. पण खाटेवर पडलेली म्हातारी स्वतः होऊन बोलावते आहे, तरी ही बया ढिम्म हलत नाही! आई गेल्यावर मी मावशीला, मामाला, सगळ्यांना सांगितलं, "तिला कळवलं होतं, ती आली नाही." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मला त्यात बरं वाटत होतं, ताई.

मग मंगळवारी तुझं पत्र आलं. वाचून आधी म्हटलं, खोटं बोलते आहे. लॅपटॉप उघडला, साइट उघडी. परत पत्र वाचलं. पाटीवरची वाक्यं तू जशीच्या तशी लिहिली होतीस, आणि ती वाक्यं माझी होती. खाली शिंपीणबाईंकडे गेलो आणि त्यांचा फोन मागितला. त्या म्हणाल्या, "आईंची साइट ना? ती तर महिनाभर बंदच आहे. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच ठेवली असेल." त्यांनी बसायला स्टूल दिलं. किती वेळ बसलो होतो, आठवत नाही.

मावशीला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "हे तिला तूच सांगायचंस. मी नाही सांगणार." मामाला आणि बाकीच्यांनाही एकेक करून सांगतो आहे.

इथवर वाचून तू म्हणशील, अरे, चूक झाली, घाईत होतास, आई पडली होती. तू तशीच आहेस, मला सांभाळून घेशील. म्हणून आता पुढचं लिहितो.

तुझा नवा नंबर माझ्याकडे होता. दोन वर्षांपासून होता. तुझी ती गाडी चालवायला शिकवणारी मैत्रीण औषधांच्या दुकानात भेटली होती, तिने दिला. म्हणाली, "आईंना द्या हं." मी दिला नाही. का, ते स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं. रोज तिला मी बघायचो. औषधं मी, डॉक्टर मी, लोकर आणायला मी. आणि ती प्रत्येक नमुन्याखाली दोन ओळी लिहायची त्या तुला. मी शेजारी बसून टाइप करायचो. मला वाटायचं, हिला सगळं आयतं का मिळावं? असं वाटलं, ताई. लाज वाटते, पण वाटलं.

हॉस्पिटलातही तो नंबर खिशात होता. एकदा व्हरांड्यात जाऊन काढलाही. मग म्हटलं, तिने वाचलंच असेल, यायचं असेल तर येईल. फोन परत खिशात ठेवला. पाटी राहिली ती चूक. हे मी जाणूनबुजून केलं.

साइट अजून तशीच आहे. मंगळवारपासून पाटी काढायला तीनदा बसलो, पण काढली नाही. काढली की सगळ्यात वर टाचेचा नमुना येणार आणि त्याखाली त्या ओळी. 'भेटायची वेळ चार ते सहा.' ते तू कुठेतरी एकटी असताना, माझ्या पत्राआधी वाचावंस हे मला नको होतं. आता हे पत्र तुझ्या हातात आहे. तू सांगशील त्या दिवशी काढतो. कायमची बंद ठेव म्हणालीस तर तशी ठेवतो. तिचं सामानही तुझ्याशिवाय उघडणार नाही. तू ये. मी घरी नको असेन, तर त्या दिवशी बाहेर जाईन. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवेन.

एक राहिलंय. ते न लिहिता सही करणार होतो.

रोज साडेतीन वाजले की ती कंगवा मागायची. नर्सकडून केस विंचरून घ्यायची, चष्मा पुसायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. सहा वाजले की उशीवर मान टाकायची. असं दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी तिने विचारलं, "तिने वाचलं तरी असेल का रे?" मी आकडा बघितला. कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं, ते आत दिसतं. त्या नमुन्यापुढे एकतीस होते. ते एकतीस वेळा मीच होतो, तिने विचारलं की बघणारा. इतर नमुन्यांना शेकड्यांनी माणसं येतात आणि याला एकतीसच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. माझं पोटच त्यावर चालतं. मी म्हणालो, "एकतीसदा उघडलंय. वाचलंय तिने. यायचं नसेल."

आई म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी साडेतीनला तिने कंगवा मागितला नाही. त्यानंतरही नाही.

ती रागावून गेली नाही. पण तू रागावलेली आहेस असं समजून गेली. तसं तिला मी सांगितलं होतं.

तुझा,
जो त्या दिवशी आतून उठला नाही