ठकीच्या पायाला पीतांबर

अंबरनाथ (पूर्व),
१६ ऑगस्ट १९५४

चि. सौ. वृंदा हिला दादाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना आणि सासऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग. जयदेवरावांचा खोकला आता कसा आहे, ते कळव. इकडे आई खुशाल, मीही खुशाल. तुझी ठकी मात्र जखमी आहे आणि तिला जखमी करणारा मी आहे. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं जरा सोपं जाईल.

आषाढ संपता संपता एका सकाळी फॅक्टरीला उशीर झाला म्हणून मी फडताळाचं दार जोरात लोटलं, आणि आत ठकीचा पुढचा उजवा पाय होता. (तो तिथे काय करत होता हे तुला सांगायला नको. सायीचं भांडं अजून तिथेच असतं.) एकदाच ओरडली, मग नुसती माझ्याकडे पाहत बसली. ते पाहणं काही डोळ्यांसमोरून जात नाही. लग्नानंतर निघताना तू हिला बरोबर न्यायचा हट्ट धरला होतास. नवी सून मांजर घेऊन आली तर लोक काय म्हणतील, असं म्हणून मीच तुला गप्प केलं. नीट सांभाळीन, असा शब्दही मीच दिला. फार वाईट वाटतं गं.

इथल्या डॉक्टरांनी, आपण फक्त माणसं पाहतो, असं सांगितलं. म्हणून पिशवीत घालून तिला उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी कंपाउंडरकडे नेलं. हाड शाबूत आहे म्हणाला, औषध लावलं, 'साईं, चाटने मत देना' असं बजावलं आणि पायाएवढीच जाड पट्टी बांधली.

खरा घोटाळा घरी आल्यावर झाला. मांजराला विटाळ नाही, हे आईचं शास्त्र तुला ठाऊकच आहे. सोवळ्यात स्वयंपाक चालला असताना मी उंबऱ्याबाहेर आणि ठकी चुलीजवळ, ही आपल्या घरची रीत. पण आई म्हणाली, "मांजराला नाही, पण पट्टीला आहे. सुती कापड, त्यातून दवाखान्यातलं." झालं, ठकीला स्वयंपाकघर बंद. ती उंबऱ्यापाशी बसून विव्हळू लागली, आई आत डोळे पुसू लागली (धूर आहे, म्हणाली), आणि दोघींनीही त्या दिवशी ताटाला तोंड लावलं नाही. शेवटी मीच तोडगा काढला. रेशमाला विटाळ नाही ना? मग माझ्या पूजेच्या पीतांबराची काठासकट एक पट्टी फाडली आणि बांधली तिच्या पायाला. ठकी पुन्हा चुलीजवळ गेली.

पुढे श्रावणात आपल्याकडे सत्यनारायण झाला. माझं पीतांबर एका बाजूला गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि शेजारच्या पाटावर त्याच काठाची ठकी बसलेली. गुरुजींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "संकल्प कुणाच्या नावाने सांगू?" तू गेल्यापासून आई पहिल्यांदा मोठ्याने हसली. हसता हसता, वृंदा असती तर, एवढंच म्हणाली आणि तीर्थाचं भांडं आणायच्या निमित्ताने आत गेली. भांडं समोरच होतं.

असो. माझी चूक पोटात घाल आणि ठकीची काळजी करू नकोस.

तुझा
शशिकांतदादा

ता. क. काळजी केलीस तरी चालेल. चोवीस तारखेला श्रावणातला शेवटचा मंगळवार आहे. तुझी एक मंगळागौर माहेरी व्हावी असं सासूबाईंना विचारून पाहा. येताना झाकणाची टोपली आण आणि या खेपेला ठकीला घेऊन जा. लोकांना काय म्हणायचं ते मला म्हणू देत.

पुन्हा ता. क. वरचं पत्र सासरी मोठ्याने वाचायला हरकत नाही, हे मात्र एकटीनेच वाच. ठकीचा पाय केव्हाच बरा झाला आहे. काल तिने त्याच फडताळावर उडी मारली. पट्टी मात्र आई रोज सकाळी सोडते, धुते, वाळवते आणि पुन्हा बांधते. आता कशाला, असं मी विचारलं. गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाली, "मग वृंदाला काय सांगून बोलवायचं?"